सोबतीचं माणूस

"आधी तिला टोचा," असं म्हणून अण्णांनी आपला हात स्वेटरच्या बाहीत ओढून घेतला.

बेबीने पर्स खाली ठेवली, बाही कोपरापर्यंत दुमडली आणि हात पुढे केला. ती पन्नाशीला टेकली होती. चष्म्याच्या दुकानात लोकांची भिंगं घासता घासता तिलाही जाड चष्मा लागला होता. पण घरात ती अजून बेबीच होती, कारण तिच्या वडिलांनी, अण्णांनी, तिला मोठं होऊ दिलं नव्हतं.

"दुखलं का गं?" अण्णांनी विचारलं. काळजीने नव्हे, पुढचा नंबर आपला म्हणून.

"मुंगी चावल्यासारखं वाटतं फक्त."

मग अण्णांनी हात काढून दिला आणि सुई आत जायच्या आधीच विव्हळून घेतलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि आपल्या कामावर त्यांचं प्रेम होतं. कुणीही विचारलं नाही तरी त्या समजावून सांगायच्या. या औषधातले कण इतके बारीक की केसाच्या जाडीवर शेकड्यांनी मावतील. प्रत्येक कणाला जणू एक आकडी. रक्तातून फिरताना निरोगी नसेत ते कुठे थांबत नाहीत, पण नसेची भिंत आतून सुजलेली असली, तिथे चरबी साठून धुमसत असली, की आकडी नेमकी तिथेच अडकते. उरलेले कण दिवसभरात निघून जातात. हृदयाच्या नसांचा अंदाज मानेतल्या मोठ्या नसेवरून येतो, म्हणून दुसऱ्या दिवशी मानेचा फोटो काढला की दुखणं जिथे असेल तिथे उजेड दिसतो.

"आणि मला कशाला टोचलंत?" बेबीने विचारलं. "मला कुठे काय झालंय?"

"म्हणूनच. पेशंटबरोबर त्याच घरातलं, तेच जेवण जेवणारं एक निरोगी माणूस आम्ही घेतो. दोन फोटो शेजारी ठेवले की फरक कळतो."

"बघ," अण्णा म्हणाले, "माझ्यामुळे तुझाही फुकटात फोटो."

अण्णांचं हृदय हे त्या घरातलं सगळ्यात कर्तबगार माणूस होतं. आई गेल्यानंतर बेबीला एक चांगलं स्थळ सांगून आलं, तेव्हा अण्णांच्या छातीत पहिली कळ आली. भिंगांचं पुढचं शिक्षण घ्यायला ती परगावी जायला निघाली तेव्हा दुसरी. मैत्रिणींबरोबर चार दिवस समुद्रावर जायचं ठरलं, तर बॅग भरून दाराशी ठेवल्यावर तिसरी. कळ अगदी वेळ साधून यायची. डॉक्टर तपासायचे, वयाप्रमाणे आहे, जपा म्हणायचे, आणि जपायचं काम बेबीवर यायचं. तिचा भाऊ लांब राहून फोनवर सांगायचा, "ताई, तू आहेस म्हणून अण्णा आहेत." हे ऐकून ती पूर्वी सुखावत असे. अलीकडे फोन ठेवल्यावर ती बराच वेळ ओटा पुसत राही.

आता दुकानाच्या मालकांनी दुसऱ्या शहरात नवं दुकान घेतलं होतं. सगळा कारभार बेबीने बघायचा, वर राहायला दोन खोल्या. उद्या संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं. या तपासणीची जाहिरात तिनेच शोधून काढली होती. अण्णांची नस खरंच धुमसत असेल तर या नोकरीवर पाणी सोडायचं, आणि पुन्हा तो विषय मनात आणायचा नाही. नसेल तर जायचं. अण्णांनी आढेवेढे घेतले नाहीत. तपासणीला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघांचे फोटो झाले. डॉक्टरीणबाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. दोन माना शेजारी शेजारी होत्या. डावीकडची काळीकरडी, शांत. उजवीकडच्या मानेत, नस जिथे दुभंगते तिथे, केशरी निखारा पेटला होता आणि खाली बारीक ठिणग्यांची ओळ होती.

अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. त्यांचा चेहरा उजळला.

"बघ! बघ बेबी! मी इतकी वर्षं सांगत होतो. पण या घरात माझं खरं कोणाला वाटतं?" त्यांनी बोट पडद्यावर टेकवलं. "केवढं मोठं आहे ते! आणि डॉक्टर, खालपर्यंत गेलंय ना?"

बेबी त्या निखाऱ्याकडे बघत होती. म्हणजे नाही कळवायचं. बरं झालं, असंही तिला वाटलं. निदान इतकी वर्षं फुकट गेली नव्हती.

"आजोबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचा डावीकडचा आहे."

"डावीकडे तर काहीच नाही."

"हो ना! तुमच्या वयाला अशा नसा मी बघितल्या नाहीत. तुम्ही आम्हा सगळ्यांना पोहोचवून जाल." त्या हसल्या, आणि मग बेबीकडे वळल्यावर हसल्या नाहीत. "ताई, उजवीकडचा तुमचा."

मग अण्णा म्हणाले, "नावांची अदलाबदल झाली असेल. परत काढा."

"आम्ही दोनदा तपासलं."

"मग मशीन बिघडलं असेल. तिला काय होणार? दिवसभर पायावर असते ती."

डॉक्टरीणबाई बेबीशी सावकाश बोलल्या. ही पद्धत नवी आहे, पण नस अजून अरुंद झालेली नाही, हे वेळेत कळलंय. गोळ्या लिहून देते, त्या चुकवायच्या नाहीत. सहा महिन्यांनी परत बघू.

"मला परगावी नोकरी आलीय," बेबी म्हणाली. "एकटीला राहावं लागेल. जाऊ का?"

"खुशाल जा. काम करा, फिरा, जिने चढा. तिथेही डॉक्टर असतातच की."

अण्णांनी ते ऐकलं. त्यांचे कान चांगले तिखट होते.

टॅक्सीत ते तोंड फिरवून बसले. नवं खेळणं धाकट्या बहिणीला मिळावं आणि आपल्याला त्याचा रिकामा डबा, तसा त्यांचा चेहरा झाला होता. घरी आल्यावर बेबीने चप्पल काढायच्या आधी सांगून टाकलं.

"अण्णा, मी मालकांना हो कळवतेय. तुमच्याकडे दिवसभराची बाई ठेवू."

अण्णांचा हात छातीवर गेला. ते कोचावर टेकले, डोळे मिटले, श्वास तोंडाने घेऊ लागले. बेबी समोरच्या खुर्चीत बसली आणि बघत राहिली. ती पाण्याला धावली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने ती कळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितली आणि तिला स्वतःचीच किळस आली, की हे एवढंच होतं आणि आपण इतकी वर्षं त्याला घाबरत आलो.

"फार दुखतंय का?"

"फार."

"दुखू द्या."

अण्णांनी डोळे उघडले. हात हळूहळू मांडीवर आला. बराच वेळ ते तिच्याकडे बघत होते. तिच्या चेहऱ्याकडे नव्हे, मानेकडे.

"जा," ते म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला होता. "मी कोण अडवणारा? फक्त एक सांग, तिथे रात्री तुझ्या त्या नसेत काही झालं, तर दार कोण उघडणार?"

"डॉक्टरांनी जा म्हटलंय."

"त्यांचं काय जातं? निखारा तुझ्या गळ्यात आहे. मी बघितलाय ना. तूही बघितलास." ते पुढे वाकले. "बोलताना जीभ अडखळते म्हणतात आधी. मग हाक मारता येत नाही."

बेबीचा हात नकळत मानेवर गेला. बोटांखाली नस उडत होती. ती नेहमीच अशी उडत असेल, पण आजवर तिने ती कधी चाचपली नव्हती.

टेबलावरचा तिचा फोन वाजला. मालकांचा होता. तो अण्णांच्या हाताशी होता आणि त्यांनीच उचलला.

"हां, नमस्कार. मी तिचे वडील बोलतोय. हो, ती इथेच आहे, पण..." त्यांनी उसासा टाकला. "कसं सांगू? बेबीला हृदयाचा त्रास निघालाय. आज मोठी तपासणी झाली. मानेची नस. हो ना, एवढ्या लहान वयात! नाही, नाही, परगावी कसली पाठवतो आता तिला? मी आहे ना. मी बघेन तिचं."

बेबी उठली होती. तिने फोनसाठी हात पुढे केला होता. बोलायला तोंड उघडलं, आणि जीभ अडखळेल की काय या धास्तीने ते तसंच मिटलं. पलीकडून मालकांचा आवाज ऐकू येत होता. काळजी घ्या, दुसरं कोणीतरी बघतो, असं काहीतरी ते म्हणत होते.

अण्णांनी फोन ठेवला. ते कित्येक दिवसांत इतके ताजेतवाने दिसले नव्हते.

"झालं. चांगला माणूस आहे, लगेच समजला." त्यांनी पाय कोचावर घेतले. "बस जरा वेळ. दमली असशील."

ती बसली. असं तिला या घरात कोणी कधी म्हटलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते कशाचं हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

थोड्या वेळाने अण्णा म्हणाले, "चहा टाकतेस? आणि बेबी, उठताना हळू ऊठ हं. आता तुला जपायला हवं."

बेबी खुर्चीच्या हाताला धरून, सावकाश उठली.