नाक-कान शिकवणाऱ्या पाहुण्यांची खुर्ची

माझी पणजी तेलगावच्या वाटेवरची बाभूळ. तिच्या लाकडाची बैलगाडी झाली, ती माझी आजी. गाडी मोडली तेव्हा तिच्या फळ्यांतून धान्याची पेटी घडली, ती माझी आई. आणि त्या पेटीतून हरिबा सुतारांनी मला घडवले. मी एक जुनी खुर्ची आहे. वडवणीजवळच्या एका वस्तीवरील शाळेतली, हात असलेली एकमेव खुर्ची. अशा वेळी ‘मित्रांनो’ म्हणण्याची रीत आहे, पण माझ्या वयाला ‘पोरांनो’च शोभते. तेव्हा पोरांनो, पाठ सरळ करा आणि ऐका.

तीस वर्षे माझ्यावर बसून गुरुजींनी हजेरी घेतली, पाढे ऐकले, वह्या तपासल्या. झेंडावंदनाला मला पुसून बाहेर मांडत. आता एका पायाला सुतळी बांधली आहे; त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार पाहुण्यांबद्दल आहे.

शहरातली एक संस्था परदेशातून स्वयंसेवक शिक्षक पाठवते, पंधरा-पंधरा दिवसांसाठी. माणसे मनाने चांगली असतात. आल्याबरोबर त्यांना माझ्यावर बसवतात. फेटा, शाल, श्रीफळ, फोटो. अर्धा दिवस संपतो. मग पाहुणा उठतो, स्वतःची पिशवी माझ्या खांद्याला अडकवतो, सतरंजीवर मांडी घालतो आणि नाकाला बोट लावून विचारतो, “नोज?”

अकरा पाहुणे आले. अकरा वेळा नाक, अकरा वेळा कान! आणि दर वेळी मुलांना काही म्हणजे काही येत नाही. कारण सतीश गुरुजींची सक्त ताकीद : “एवढ्या लांबून आलेल्या माणसाचा हिरमोड करायचा नाही.” मग चौथीतला पप्पू नाक विचारले की कान पकडतो. पाहुणा हळहळतो, पुन्हा शिकवतो. चौथ्या दिवशी पप्पू नाक दाखवतो आणि पाहुण्याचे डोळे भरून येतात.

“पप्प्या, लई लवकर आलं बे तुला या टायमाला,” शेजारचा पोरगा कुजबुजतो.

“ह्यो पाव्हणा दहाच दिस हाय. उरकाया नको?”

हे सारे पाहताना माझे लाकूड तडकायचे तेवढे बाकी राहत असे.

या आदरातिथ्यात योगिताचा भागाकार राहून गेला. ही पाचवीतली मुलगी, मेंढपाळ तात्याबांची नात. सिरसाळ्याला वसतिगृहाची प्रवेशपरीक्षा होती, आणि तात्याबांनी स्वच्छ सांगितले होते, “पास झाली तर शिकंल, न्हाई तर मेंढरामागं यील.” ती तिसरीत असताना गुरुजींनी तिला शब्द दिला होता, की मोठा भागाकार मी तुझ्याकडून पक्का करून घेईन. पण गुरुजींनी सुरुवात केली की पाहुणा येई आणि गणिताचा तास त्याला जाई.

परीक्षेला आठ दिवस उरले असताना नॉर्वेहून इंग्रिड नावाची तरुणी आली. फेटा झाला, फोटो झाले. “नोज?” पप्पूने इमानेइतबारे कान पकडला.

योगिता उभी राहिली. “बाई, हे आमाला येतंय.” आणि तिने नाकापासून पायाच्या बोटांपर्यंत सगळी इंग्रजी नावे एका दमात म्हणून दाखवली.

“खाली बस! कावून बोललीस गं मधेच?” गुरुजी कडाडले.

“गुरुजी, आठच दिस राह्यलेत.”

तिने फळ्यावर १४२८ भागिले १२ असे गणित मांडले, अडले तिथे थांबली आणि खडू इंग्रिडच्या हाती दिला. इंग्रिड कानापर्यंत लाल झाली. तिने पप्पूकडे रोखून पाहिले. पप्पूने मुकाट्याने नाक पकडले. तेव्हा ती खळखळून हसली आणि फळ्याकडे वळली.

पण तिच्या देशाची रीत निराळी! भाजक उजवीकडे, मध्ये दोन टिंबे, उत्तर त्याच्याही पुढे. मुले गोंधळली. गुरुजींना ते पाहवेना. “मॅडम, तुम्ही बसा जरा,” म्हणत त्यांनी तिला माझ्यावर बसवले आणि बाह्या सरसावल्या. पुढचे आठ दिवस गुरुजी शिकवत होते आणि ती माझ्यावर ताठ बसून नवी गणिते काढून देत होती, उत्तरे आपल्या रीतीने पडताळत होती. दोन्ही रीतींनी उत्तर एकच येत होते.

पोरांनो, पाहुण्याला मान द्या, चहा द्या, खुर्ची द्या. पण जे येते ते येत नाही असे सोंग घेऊन त्याला खूश करू नका. त्यात तुमचे शिकणे बुडते आणि त्याची मेहनतही फुकट जाते. आणि खुर्चीला पिशव्या अडकवू नका.

निकालाच्या दिवशी तात्याबा मेंढरे बाहेर थांबवून शाळेत आले. योगिताचे नाव यादीत होते.

“दोन वर्षं उशीर झाला माझ्याकडून,” गुरुजी खाली मान घालून म्हणाले.

“उशीर झाला, पर दिलेला शब्द पुरा फेडला तुमी. आता आमचं तुमच्याकडं काई येणं न्हाई, गुर्जी,” तात्याबा म्हणाले. नातीच्या डोक्यावर हात ठेवून ते बाहेर पडले आणि मेंढरांमागे एकटेच निघाले.