नुसतं बसायचं

"आई, बाबांना साधी कैद दिली गं, सक्त नाही," मुलगी कोर्टाच्या जिन्यातच शिंपीणबाईंच्या गळ्यात पडली.

त्यांना काही उमगलं नाही. सगळे त्यांना शिंपीणबाई म्हणत, पण साधं बटण तुटलं तरी त्या नवऱ्यापुढे जाऊन उभ्या राहत. सुई कधी हातात धरावीच लागली नव्हती.

वकिलांनी कपाळ पुसत समजावलं, "हे बघा आजी, सक्तमजुरी म्हणजे आत सांगतील ते काम करावंच लागतं. साध्या कैदेत तशी सक्ती नाही. साहेबांनी वय बघितलं. वर्षभर नुसतं बसायचं."

"त्यांना बसता येत नाही हो," शिंपीणबाई म्हणाल्या.

वकील हसले. मुलगीही हसली, कितीतरी दिवसांनी. शिंपीणबाईंनी थट्टा केलीच नव्हती. लग्नघरातही हा माणूस पाहुण्यांच्या कोटाची उसवलेली शिवण शोधत फिरायचा. तापात पडला, तरी अंथरुणातून काजं करायचा.

आग लागली त्या दुपारी त्यांनीच दुकानात निरोप धाडला होता, जेवण गार होतंय म्हणून. तो इस्त्री तशीच ठेवून आला. दुकानाच्या वरच्या माळ्यावर घड्याळजी झोपलेला होता. नेहमी झोपायचा, दोघांची जुनी मैत्री. धूर वर चढला आणि तो उठलाच नाही.

पहिल्या भेटीला शिंपीणबाईंनी दारावरच्या शिपायाला विचारलं, "आत शिवणकाम असतं का हो, दादा?"

"असतं की. कैद्यांचे कपडे आतच शिवतात. साध्या कैदवाल्यांनाही मागितलं तर मिळतं. अर्ज करायला सांगा बाबांना."

जाळीपलीकडे तो येऊन बसला. दाढी वाढलेली. सदऱ्याचं एक बटण दोऱ्यावर लोंबत होतं.

"काम मागून घ्या," त्या म्हणाल्या. "मिळतं म्हणे."

"माहीत आहे."

"मग?"

"मशीन हातात आलं की मला कशाचं भान राहतं का? तुला माहीत आहे. घड्याळजी पण नाही राहायचा आठवणीत. मग आत येऊन उपयोग काय?"

"मीच बोलावलं होतं जेवायला."

"इस्त्री तू ठेवली नव्हतीस. उगाच वाटा मागू नकोस."

पुढच्या भेटीच्या सकाळी शिंपीणबाईंनी घरातली मोठी कात्री काढली आणि आपल्याच पोलक्याची बाही काखेपासून कोपरापर्यंत कापली. वाटेत पदर ओढून घेतला. जाळीसमोर बसल्यावर मात्र तो मुद्दाम खाली सोडला.

त्याची नजर लगेच तिथे गेली. "हे काय?"

"उसवलं. कुणाकडे देऊ? तुम्ही इथे."

"उसवलंय कुठे, कात्री लागलीय. माझी मोठी घेतलीस ना?"

त्यांनी पदर पुन्हा बाहीवर ओढला.

"मी नाही मागणार काम," तो हळूच म्हणाला. "अशी फाटकी येत जाऊ नकोस. लोक काय म्हणतील, शिंप्याची बायको." मग रागावल्यासारखा जाळीजवळ सरकला. "घरी जाऊन उलटी कर बाही. कडा जुळव. दोरा एकेरीच घे, दुहेरी गुंततो तुझ्यासारखीचा. आधी कच्चे टाके, लांब लांब. मग टाका मागे घेत घेत यायचं. हे असं. ओढू नकोस, नाहीतर चुण्या पडतात."

त्याचा अंगठा आणि बोट जुळलं होतं. हात हवेत बारीक बारीक पुढे जात होता, मागे येत होता, टोकाला हलकासा झटका देत होता. शिंपीणबाई श्वास रोखून बघत राहिल्या. क्षणभर त्याचा तोच जुना, दुकानातला चेहरा परत आला.

मग त्याचं आपल्याच हाताकडे लक्ष गेलं.

त्याने दोन्ही हात हळूच मांड्यांखाली घातले आणि भेट संपेपर्यंत त्यांच्यावर बसून राहिला.