न जाणवलेली हालचाल

फिजिओने टॉवेलची घट्ट गुंडाळी करून ती तिच्या गुडघ्याखाली सरकवली आणि गुडघ्याने टॉवेल खाली दाबायला सांगितलं.

तिने दाबला. कपाळावरची शीर फुगली, मुठी आवळल्या, चांगल्या पायाची बोटंसुद्धा वळली. ऑपरेशन झालेला पाय मात्र दुसऱ्या कुणाचा असावा तसा पलंगावर पडून राहिला.

ती टॉवर क्रेन चालवायची. रोज सकाळी उभ्या लोखंडी शिडीने केबिनपर्यंत चढायचं आणि टनावारी लोखंड उचलून अलगद हव्या त्या जागी टेकवायचं, हे तिचं काम. पंधरा वर्षांत वर कधी पाय घसरला नाही. घसरला तो घरच्या बाथरूममध्ये. गुडघ्याची वाटी फुटली, ती तारेने जोडावी लागली. आणि आता एक टॉवेल दबत नव्हता.

फिजिओने समजावलं, की ताकद कुठे पळालेली नाही. गुडघा दुखावला की त्याला जपायला मेंदूच मांडीच्या स्नायूला जाणारा निरोप अडवून धरतो. आपण निरोप धाडत राहायचं. आधी चांगल्या पायाने दाबायचं, मग याने. दिवसातून पाच वेळा.

नवरा शेजारी खुर्चीवर बसे. तो बुकबाइंडर होता, बोलायला कमी. जोराचा वारा सुटला की दुकानात त्याच्या हातातली सुई थांबायची, हे तिला ठाऊक नव्हतं. उंचीवरचं काम कदाचित सोडावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा त्याला हायसं वाटलं होतं. त्याची त्याला लाजही वाटली होती. तो कुणापाशी बोलला नाही.

बाराव्या दिवशी फिजिओने नवऱ्याला तळवा वाटीच्या जरा वर, बायकोच्या मांडीवर ठेवायला लावला आणि ती स्वतः टेबलाशी नोंदी करायला गेली. तिने डोळे मिटून दाबायला सुरुवात केली. पंधरा वेळा, वीस वेळा. काही नाही.

मग त्याच्या तळव्याखाली काहीतरी सरकलं. पुस्तकाच्या कापडी पाठीखाली ओली खळ सरकावी, तेवढंच. कागदाच्या तंतूंचा कल नुसत्या स्पर्शाने ओळखणारी त्याची बोटं जागीच थबकली. पुन्हा सरकलं. त्याच्या दंडावर काटा आला.

"काहीच होत नाहीये," ती म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच होते.

तिला कळलं नव्हतं. फिजिओची पाठ होती. साऱ्या जगात ते एकट्या त्याला माहीत होतं. तो हात तसाच ठेवून बसला. तिचं तिलाच न कळता, आतून कुणीतरी परत येत होतं.

"हललं," तो म्हणाला. आवाज अगदी खाली गेला होता. "माझ्या हाताला लागलं. पुन्हा कर."

पुढच्या आठवड्यात ते डोळ्यांना दिसू लागलं. महिन्याभराने टाच पलंगावरून सुटली. मग भिंतीला पाठ लावून अर्धं बसणं, मग लाकडी पायरीवर चढ-उतार. ही फिजिओ पोरगी दिसते गोड, पण मुकादम परवडला, असं ती घामाघूम होऊन म्हणायची आणि आणखी दहा वेळा चढायची.

चौथ्या महिन्यात फिजिओ वही घेऊन समोर बसली. आता शेवटचा टप्पा ठरवायचा होता.

"ताई, एका दमात किती पायऱ्या चढता यायला हव्यात?"

तिने नवऱ्याकडे ओझरतं पाहिलं.

"अठरा. आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे."

फिजिओने आकडा लिहिला.

"एकशे चाळीस," तो खुर्चीतून म्हणाला. "शिडीच्या. सरळ उभ्या."

ती वळून त्याच्याकडे बघत राहिली. हा आकडा तिने घरात कधी काढला नव्हता. आणि खाली उभं राहून, मान वर करून मोजल्याशिवाय तो कुणाला कळण्यासारखाही नव्हता.

तो बोटावरची वाळलेली खळ नखाने खरवडत होता.

फिजिओने अठरा खोडले.