उगाच फेरी

आमच्या चाचणीच्या ट्रॅकवर एक रिवाज आहे. काम संपलं, वेळ मोजून झाला, तरी गाडी मनात भरली असेल तर चालवणारा आणखी एक फेरी मारतो. कुणी सांगत नाही, कुणी मोजत नाही. तिला आम्ही 'उगाच फेरी' म्हणतो. आमचे मालक आकडे बघतात ते नावाला, त्यांचं खरं लक्ष या फेरीकडे. ती झाली की गाडी विक्रीला जाते, नाही झाली तर ताडपत्रीखाली.

आणि छोटीच्या गाडीतून मी ती एकदाही मारली नव्हती.

छोटी म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण. या गाडीच्या अंगात जेवढी म्हणून हुशारी आहे, ती सगळी तिने घातलेली. ती बनवते, मी चालवते. चाक घसरायच्या आधीच गाडीला कळतं. मी ब्रेक उशिरा दाबला तरी ती सावरून घेते, स्टिअरिंग वेडंवाकडं फिरवलं तरी हवं तेवढंच ऐकते. आजवर एवढी वेगवान गाडी माझ्या हाताखालून गेलेली नाही. पण आत बसलं की माझी नुसती चुळबूळ. पाहुणी म्हणून गेल्यावर घरातल्या कशालाच हात लावू देत नाहीत ना, तसं. दुसऱ्या गाड्यांत माझ्या तोंडाचा पट्टा सुरू असतो. वळणाला शिव्या, रस्त्याला शिव्या, गाडी फारच अंगावर आली तर तिच्या सात पिढ्यांचा उद्धार. रेडिओवर सगळे ऐकतात आणि माझी टर उडवतात. हिच्यात मात्र माझ्या तोंडून अक्षर फुटत नव्हतं. दोन आठवडे झाले, घरी आले तरी मी या खोलीतून त्या खोलीत फिरत होते.

मालक बघायला येणार त्या सकाळी छोटी गॅरेजमध्ये माझ्या मागे-मागे होती.

"ताई, आज मार ना गं. एकच."

"काय मारू?"

"सोंगं करू नकोस. आज नाही झाली तर ते दुसऱ्या टीमची गाडी घेतील. माझी पाच वर्षं पाण्यात जातील."

"मनात आलं तर मारीन."

"मग आण की जरा मनात!"

"ते काय दुकानातून आणायचंय?" मी खेकसले. हातमोजे चढवले, काढले, परत चढवले. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि हातातलं सँडविच तसंच वाळत चाललं होतं. मला तिची फार दया आली, आणि दया आली म्हणून आणखीनच राग आला.

मी गाडी काढली. सगळ्यात कमी वेळ लागला. मेकॅनिक लोकांचा आरडाओरडा मला हेल्मेटमधूनही ऐकू आला. मालक भिंतीपाशी हात मागे बांधून उभे होते. गॅरेजकडे वळायचा फाटा आला आणि सवयीने माझे हात तिकडे वळायला लागले. तेवढ्यात छोटी दिसली. तिने दोन्ही हात डोक्यावर ठेवले होते.

मी सरळ गेले.

लांब सरळ रस्ता लागला. बाजूच्या भिंती नुसत्या पुसट रेघा झाल्या होत्या. गाडी तिचं काम करत होती, मला काही काम नव्हतं.

"अगं छोटे," मी रेडिओवर म्हटलं, "आईच्या गोळ्या संपल्यात ना? जाताना आठवण कर."

वळण आलं, गाडीने ते घेतलं.

"ऐकतेयस ना?"

"हो," ती म्हणाली. बस, तेवढंच.

मी उतरले तेव्हा मालक हात पुढे करून हसत होते. "मारलीत बुवा एकदाची! घेतली गाडी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. छोटी गळ्यात हेडफोन अडकवून लांबच उभी होती. मला वाटलं, आनंदाने हिची वाचा बसली असेल. मग ती आली आणि सरळ मालकांसमोर उभी राहिली.

"साहेब, थांबा. ही गाडी अजून झालेली नाही."

"वेड लागलंय का तुला?" मी तिचा दंड दाबला. तिने माझा हात झटकला.

"एवढ्या वेगात हिला आईच्या गोळ्या आठवल्या, साहेब. मी ऐकत होते. ही फेरी माझ्यासाठी होती, गाडीसाठी नव्हती."

मालकांचा हात खाली गेला. "खरं आहे?" त्यांनी मला विचारलं. मी मान डोलावली.

"मी आजवर तुमच्या फेरीवर डोळे झाकून गाड्या विकल्या," ते म्हणाले. "आता यापुढे तुम्ही फेरी मारलीत तर मी काय समजायचं?" ते ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे निघून गेले.

"मूर्ख!" मी तिच्यावर घसरले. "हातातोंडाशी आलेला घास घालवलास! माझीही अब्रू घालवलीस!"

"तू मला खोटं दिलंस."

"तूच मागितलंस ना गं!"

"मागितलं." ती आता रडत होती. "मी मागीनच, ताई. गाडी माझी आहे, मला ती वाईट दिसणारच नाही. म्हणून तर तू आहेस ना? मी आणखी कुणाला विचारायचं होतं?"

ती टायरांच्या ढिगावर बसून हेडफोनची वायर गुंडाळत राहिली. मी शेजारी जाऊन टेकले. तिने सरकून जागा दिली नाही, पण उठूनही गेली नाही.