वायफायचं नाव

नवा मॉडेम बसवायला आलेल्या माणसाने रविंद्रला सरळ विचारलं होतं, "साहेब, वायफायचं नाव अन् पासवर्ड जुनाच ठेवू का?"

रविंद्र तेव्हा मिहान आयटी पार्कमधल्या आपल्या ऑफिसची मीटिंग घरूनच करत होता. "नवं टाक ना गा, सगळंच नवं," म्हणून त्याने हात झटकले.

जुनं नाव कुसुमावती होतं. आईचं नाव, तिनेच ठेवायला लावलेलं, शेजारच्या इंदूबाईंना फोनात सापडावं म्हणून. इंदूबाई रोज दुपारी यांच्या ओट्यावर बसून पुण्याच्या लेकीशी व्हिडिओवर बोलायच्या. आई गेली, तरी वर्षभर येत राहिल्या.

ओटा रिकामा असतो हे रविंद्रच्या लक्षात यायला पंधरा दिवस लागले. लाजेने चूर होऊन तो पासवर्डची चिठ्ठी घेऊन त्यांच्या दारात गेला.

"मावशी, तुम्हाले सांगायचंच राहिलं."

"राहू दे बापा. पोरीनं रिचार्ज मारून देल्ला." इंदूबाईंनी तांदूळ निवडता निवडता मानही वर केली नाही. "दोन दिवस येऊन बसली होती मी. कुसुमचं नाव काही दिसलं नाही, त समजून गेली."

रविंद्रने घरी येऊन आधी जुनं नाव आणि जुना पासवर्ड परत टाकला. नव्या मॉडेमची रेंज आता भिंतीपलीकडे जात होती. मोबाइलवर, वायफायला जोडलेल्या फोनांच्या यादीत इंदूबाईंचा फोन आपोआप आलेला दिसला.

मिनिटभराने तो यादीतून गेला. त्यांनी आपल्या फोनातलं वायफाय बंद केलं होतं.