दुसरा हात

पियानोत तारा दोनशे वीस. तीन आधीच तुटलेल्या होत्या, चौथी आत्ता बारकीच्या तारा पिळायच्या किल्लीखाली टणकन गेली. तिने चरचरणारं बोट तोंडात घातलं आणि मनातल्या मनात आकडा दुरुस्त केला : दोनशे सोळा. वरच्या सुरांना प्रत्येकी तीन तारा असतात. एक गेली तरी ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही.

"काय गं तुटलं?" खिडकीशी कागद पसरून बसलेल्या ताईने विचारलं.

"तार."

"तारच ना? मला वाटलं माझा गळा."

बारकी हसली नाही. ती ताईपेक्षा चांगली वीतभर उंच होती, पण घरात एकदा पडलेलं नाव उंची बघत नाही. बाबांची ही कार्यशाळा, त्यांची हत्यारं, पियानो लावायचा त्यांचा धंदा, सगळं तिच्याकडे आलं होतं. ताईकडे आवाज आला होता. त्या आवाजावर ती लहान वयात घराबाहेर पडली, गाजली, मग ओळीने दोन अल्बम पडले, कंपनीने हात वर केले, आणि शेवटी गळ्याचं ऑपरेशन झालं. आता ती स्वतःच्या पैशाने नवा अल्बम करत होती. याच खोलीत, बाबांच्या पियानोवर. सगळी गाणी बाबांवर.

"सगळा पियानो अर्धा सूर खाली हवाय," ती आल्या आल्या म्हणाली होती. "वरचा सूर आता लागत नाही मला. आणि वाजवताना हात दुसऱ्या पट्टीवर गेला की मी हरवते, तुला माहितीये."

जगभर पियानोची मधली तार सेकंदाला चारशे चाळीस कंपनांवर लावतात. ताईला चारशे पंधरा हवी होती. काम अवघड नव्हतं, चिवट होतं. इतक्या तारा एकदम सैल केल्या की लाकूड रुसतं आणि रातोरात सूर पुन्हा वर चढतो. बाबा रंगाऱ्यासारखं म्हणायचे, एक हात मारून भिंतसुद्धा बसत नाही. ते दुसरा हात मारायचे, आणि तेव्हा सूर मुद्दाम कणभर खाली ठेवायचे, चढायला जागा म्हणून.

पहिला हात संपत आला तेव्हा ताई उठून शेजारी आली. "ऐक ना, हे सगळ्यात चांगलं झालंय," म्हणाली आणि हलक्या आवाजात गायली. त्यात बाबा होते. चमच्याने पेल्यावर टिचकी मारून सूर ओळखणारे, शर्टाची बटणं उलट्या क्रमाने लावणारे. आणि शेवटी, सगळ्यात वरच्या सुरावर, ओळ होती : 'माझंच नाव तुम्ही विसरलात.'

पेला, चमचा, बटणं. बाबांच्या शेवटच्या दिवसांत बारकीने ते ताईला एकेक करून फोनवर सांगितलेलं होतं, एका खांद्याने फोन कानाशी दाबून, दोन्ही हातांनी बाबांची चादर बदलताना. चादरीवर गाणं नव्हतं.

"कसं वाटलं?"

"छान आहे."

"छान काय! काहीतरी बोल ना."

"आयत्या पिठावर रेघोट्या चांगल्या ओढल्यास."

ताईला ती थट्टा वाटली. ती खळखळून हसली आणि तिने बारकीच्या पाठीत धपाटा घातला.

बारकीने सूर मोजायचं मीटर लावलं. चारशे पंधरा. ताईने आकडा वाचला, खूश झाली. बारकीने किल्ली पुसून पेटीत ठेवली. दुसरा हात मारला नाही.

सकाळी रेकॉर्डिस्ट आला. वायरी पसरल्या, माइक उभे राहिले. पहिल्या टेकला शेवटच्या ओळीवर ताईचा आवाज चिरकला. दुसऱ्याला त्याच जागी. तिसऱ्याला ती त्या ओळीपाशी गायचीच थांबली.

"थोडं पाणी घ्या, मॅडम," रेकॉर्डिस्ट म्हणाला आणि सिगारेटच्या निमित्ताने बाहेर सटकला.

ताईने गळ्यावरून हात फिरवला. "डॉक्टर म्हणालेच होते. मी उगीच..." मग म्हणाली, "हे गाणं काढून टाकते."

बारकी पियानोला टेकून उभी होती. मीटर खिशातच होतं. ते काढून बघायची गरज नव्हती. सूर चढल्याचं तिला पहिल्या टेकलाच ऐकू आलं होतं. चारशे वीस तरी असणार. आता फक्त गप्प राहायचं होतं.

"बारके, एक विचारू?" ताई म्हणाली. "तुला तरी ओळखायचे ना शेवटी?"

"तेव्हाच सांगितलं होतं. कुणालाच ओळखत नव्हते."

"तुलासुद्धा नाही?"

"नाही."

"मग हाक कशी मारायचे?"

बारकीने पियानोच्या झाकणावरची धूळ बोटाने पुसली. मग तेच बोट सदऱ्याला पुसलं.

"तुझ्या नावाने."

ताईने मान वर केली. बाहेर रेकॉर्डिस्टच्या खोकल्याचा आवाज आला, थांबला.

"मला?"

"मला. तुझ्या नावाने."

"मग तू काय करायचीस?"

"काय करणार? ओ द्यायचे."

ताईचे डोळे भरून आले. मग तिचा हात, जणू तिच्याही नकळत, कागदाकडे गेला. तिने पेन्सिल उचलली, शेवटची ओळ खोडली आणि वर काहीतरी लिहिलं. उलट्या बाजूनेही बारकीला ते वाचता आलं. दोनच शब्द होते : 'ओ दिली.'

हेही गाण्यात गेलं.

"चालेल ना गं तुला?" पेन्सिल न ठेवता ताईने विचारलं.

बारकीने हत्यारांची पेटी उघडली.

"तुझ्या गळ्याला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "पियानो चढलाय. काल एकच हात मारला मी. जा, तूही बाहेर जाऊन बस."

"एकच? का?"

"दार लावून घे जाताना."

दुपारपर्यंत खोलीतून एकेक सूर पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिला. चौथा टेक झाला. शेवटच्या ओळीपाशी कुणी थांबलं नाही. रेकॉर्डिस्टने अंगठा वर केला, ताई खुर्चीत मागे रेलली, आणि बारकीने मधली पट्टी दाबून मीटर धरलं.

चारशे पंधरा.