सामाईक कातळ

धोंडुबाईच्या पोटात गेली तीन वर्षं दुखत होतं, आणि त्यावर मुरगूडच्या कुठल्याच डॉक्टरकडं औषध नव्हतं. दुखण्याचं नाव होतं संयोगिता, तिची धाकटी जाऊ.

दोघींचे नवरे, गणपतराव आणि हंबीरराव, वेगळे निघाले तेव्हा रीतीप्रमाणं थोरल्यानं वाटे पाडले आणि धाकट्यानं आधी उचलला. हंबीररावानं उचलला तो गावाच्या डोक्यावरचा सडा. नुसता तांबडा कातळ, कुसळाशिवाय त्यावर काही उगवत नव्हतं. खालचं बारमाही झऱ्याचं शेत थोरल्याकडं राहिलं. धाकट्याच्या अकलेवर सगळं गाव हसलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं धोंडुबाई हसली. मग त्या कातळात बॉक्साइट निघालं. खाणवाल्या कंपनीनं सडा भाड्यानं घेतला. संयोगितेचं घर स्लॅबचं झालं, पोरगा विजयसिंह डंपरचा मालक झाला. आता दोन्ही भाऊ गेले होते, पण दिराला आतली खबर होती याची धोंडुबाईला पक्की खात्री होती. खबर नसती तर वाहतं पाणी सोडून दगड कोण उचलतो?

गेल्या उन्हाळ्यापासून संयोगितेच्या दारात कंपनीचा टँकर यायला लागला, तर तीही धोंडुबाईला मिजासच वाटली. "बघितलंस? म्हाराणीला हिरीवर जायला नको," असं ती सून अनुजाला ऐकवायची. अनुजा म्हणायची, "आत्ती, आपला झरा त्येच्यापरास ग्वाड हाय की." पण जळणाऱ्याच्या जिभेला आपल्या घरची गोडी लागत नाही.

वाटणीत एकच तुकडा सामाईक राहिला होता, नेमका झऱ्याच्या वरचा कातळ. यंदा कंपनीनं तोही मागितला. कागदावर दोघी जावांच्या सह्या लागणार होत्या. धोंडुबाईनं लगेच ठोकली. संयोगिता मात्र नाही म्हणाली, आणि का ते सांगेना.

मग काय! हिचं भागलं, आता माझ्या अन्नात माती कालवायला बसली, असं धोंडुबाई गावभर बोंबलत सुटली. तेवढ्यानंही जीव थंड होईना, तेव्हा रविवारी तिनं जावेला बिरोबाच्या देवळात बोलावलं. देवापुढं बेल-भंडारा उचलून खोटं बोलणारा माणूस त्या गावात अजून जन्मायचा होता. पाच-पन्नास माणसं जमली. कंपनीचा साहेबही कागद घेऊन हजर होता.

"उचल भंडारा," धोंडुबाई म्हणाली, "आणि सांग, माझं बरं हुतंय म्हणून तुझं प्वाट दुखतंय का न्हाय?"

संयोगिता पुढं झाली. तिनं ओंजळीत बेल-भंडारा घेतला. 

"सडा खोदला आणि आमची हीर आटली, आक्का. टँकर येतो त्यो त्यापायी. लाजंनं कुणाला बोललो न्हाय. कंपनीबी म्हणली, बोललीस तर टँकर बंद. त्या सामाईक कातळात पाणी मुरतंय. त्यो खोदला की तुमचा झरा गेला. म्हणून सही देत न्हाय. दुसरं काय मनात आसंल तर बिरोबा बघून घील."

साहेब कागदात बघत राहिला. मग खांबाशी बसलेला म्हातारा केरबा म्हणाला, "जाऊ आसावी तर अशी." माना डोलल्या.

ते बोल धोंडुबाईच्या काळजात रुतले. जाऊ खरं बोलतेय हे तिला कळत होतं. झरा वाचतोय, हेही कळत होतं. पण घर जावेचं मोठं, पोरगा तिचा मोठा, आणि आता मनही तिचंच मोठं! उद्यापासून धोंडुबाई घागर भरायला वाकली की गाव म्हणणार, हे संयोगितेमुळं राहिलं बरं का.

"पाणी तुमचं हाय, आक्का," संयोगिता म्हणाली. "तुम्ही कर म्हणला तर आत्ता करतो सही." काय उत्तर येणार याची तिला अगदी खात्री दिसत होती.

"कर," धोंडुबाई म्हणाली.

संयोगिता तिच्याकडं बघतच राहिली. मग तिनं पिवळ्या बोटांनी पेन धरलं. सही होताच साहेबानं कागद झटकन बॅगेत घातला. धोंडुबाईला इतकं हलकं वाटलं की विचारू नका. देव माफ करो, पण बरं वाटलं.

घरी आली तर देवळातनं तिच्याआधीच परतलेली अनुजा झऱ्यावरनं खेपा घालत होती. हंडे, कळशा, बंब, परात, जे हाताला लागेल ते काठोकाठ भरलेलं.

"अगं, खाण काय उद्याच सुरू हुतीया व्हय?"

अनुजा थांबली नाही. "काकी खरं बोलत हुत्या, ते तुमास्नी कळलं हुतं न्हवं?"

"व्हय."

"मग?"

धोंडुबाई उंबऱ्यावर टेकली. खोटं बोलून आता कुणाची समजूत पटणार होती? "झरा ऱ्हायला आसता तर तिच्या उपकारावर ऱ्हायला आसता. तिच्या उपकाराचं पाणी माझ्या नरड्याखाली उतरलं नसतं, पोरी."

अनुजानं डोक्यावरचा हंडा खाली ठेवला. "आता कुणाच्याच उतरायचं न्हाय," ती म्हणाली, आणि रिकामी कळशी घेऊन पुन्हा झऱ्याकडं निघाली.